राजीनामा हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे : कामतघरच्या एका तरुणाच्या निमित्ताने

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी कामतघरच्या आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना संपली. लोक पांगले, पण एक तरुण मागे राहिला. वय तेवीस. मानकोलीच्या बाजूला एका मोठ्या गोदामात तो दोन वर्षे स्कॅनिंगचे काम करतो, अर्थात कॉन्ट्रॅक्टरमार्फत. त्याने खिशातून मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरचा मेसेज होता : "तुझा राजीनामा मंजूर नाही. एक तारखेला आला नाहीस तर पगार विसर. कागदपण मिळणार नाहीत."

त्याला ठाण्यातल्या एका रुग्णालयात स्टोअर क्लार्कची नोकरी लागली होती. पगार सहा हजारांनी जास्त, पीएफ, साप्ताहिक सुट्टी. एक तारखेला हजर व्हायचे होते आणि जाताना मूळ कागदपत्रे न्यायची होती. बारावीची मूळ गुणपत्रिका आणि जातीचा दाखला कॉन्ट्रॅक्टरच्या कपाटात होता. अडतीस दिवसांचा पगार थकला होता. वडिलांनी आयुष्यभर पॉवरलूमवर काम केले, आता दम लागतो म्हणून घरी असतात. आई चार घरची धुणीभांडी करते. आई त्याला म्हणाली होती, "जाऊ दे बाळा, अजून दोन महिने काढ. मालकाशी वाकडं कशाला घ्यायचं?"

या एका वाक्यावर आम्ही हा लेख लिहीत आहोत. आईचे काही चुकले नाही. कागद मालकाच्या हातात, पैसा मालकाच्या हातात, मग लेकराने तोंड मिटून राहावे, हे शहाणपण तिला अनुभवाने शिकवले आहे. पण हे शहाणपण पुढच्या पिढीला तसेच देऊन चालणार नाही. नोकरी मिळवण्याबद्दल आपण खूप बोलतो. शिबिरे घेतो, स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवतो. नोकरी सोडायची कशी, आणि मालक सोडत नसेल तर काय करायचे, याबद्दल मात्र आपल्या चळवळीत जवळजवळ काहीच बोलले जात नाही.

सोडता न येणारी नोकरी आपल्या समाजाने पाहिली आहे

महार वतन काय होते? १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने बांधलेली चाकरी. गावाचा आणि सरकारचा निरोप पोहोचवायचा, रात्री-अपरात्री हाकेला ओ द्यायची, मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुत्याची भाकर. कामाला वेळ नाही, पगार ठरलेला नाही. घरचा कर्ता पुरुष हजर नसेल तर बापाला, भावाला, घरातल्या कुणालाही ओढून न्यायचे. राजीनामा देण्याची सोयच नव्हती, कारण चाकरी माणसाला नव्हे, जन्माला चिकटलेली होती.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांची मागणी थोडक्यात अशी होती की चाकरीचा रोख मोबदला ठरवा, काम कोणते ते ठरवा आणि ज्याला या चाकरीतून मोकळे व्हायचे आहे त्याला मोकळे होऊ द्या. जमीन हातची जाईल म्हणून आपलेही काही लोक बिचकले होते. सरकारी आणि सवर्ण हितसंबंध तर विरोधात होतेच. ते विधेयक पार पडले नाही. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाव वतने नाहीशी झाली. म्हणजे 'मला हे काम करायचे नाही' एवढे एक वाक्य कायद्याने उच्चारता यावे म्हणून आपल्या समाजाला तीस वर्षे झगडावे लागले. १९२७ च्या महाड परिषदेनंतर गावोगाव लोकांनी मेलेली जनावरे ओढायचे सोडले, तो एका अर्थाने सामुदायिक राजीनामाच होता. त्याची किंमत म्हणून बहिष्कारही सोसला.

त्यामुळे 'राजीनामा मंजूर नाही' हा मेसेज आमच्या डोळ्यांना नवीन वाटला नाही. वतन गेले, मोबाईल आला. भाषा मात्र फारशी बदललेली नाही.

गोदामांचे भिवंडी आणि कागद दाबण्याची रीत

भिवंडी म्हटले की पूर्वी फक्त यंत्रमाग डोळ्यांसमोर येत. आज मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, सोनाळे असा गोदामांचा पट्टा मुंबईच्या पोटाला माल पुरवतो. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठवणे परवडत होते म्हणून इथे गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, तरी महामार्ग आणि स्वस्त जागा यांच्यामुळे गोदामे वाढतच गेली. कामतघर, अंजूरफाटा परिसरातली आपली मुले-मुली याच गोदामांत स्कॅनर, पॅकर, लोडर, डेटा एंट्रीवाले म्हणून जातात.

इथे माणूस ज्याच्यासाठी काम करतो तो त्याचा मालक नसतो. पाटी एका मोठ्या कंपनीची, गोदाम दुसऱ्याचे, कामगार तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचे, आणि त्या कॉन्ट्रॅक्टरखाली पुन्हा एक मुकादम. राजीनामा कुणाला द्यायचा, हेच मुलांना माहीत नसते. कामावर घेताना 'व्हेरिफिकेशन'साठी म्हणून मूळ कागद घेतात, ते परत देत नाहीत. पगार महिना-दीड महिना मागे ठेवतात. माणूस निघून जाऊ नये म्हणूनच ही रचना केलेली असते.

याच्या उलट चित्रही बघा. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यानंतर पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेने, लोकांवर दबाव आणून राजीनामे लिहून घेतले जात असल्याच्या तक्रारी कामगार खात्याकडे नेल्या. कंपनीची बाजू वेगळी असेल. पण दबावाचा हा प्रकार छोट्या आस्थापनांत आम्ही स्वतः पाहिला आहे. ज्याला जायचे आहे त्याचा राजीनामा घेत नाहीत आणि ज्याला राहायचे आहे त्याच्याकडून लिहून घेतात. कारण साधे आहे. २४० दिवस काम केलेल्या कामगाराला मालकाने कपातीत काढले तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. त्याने 'स्वखुशीने' राजीनामा दिला की ही भरपाई वाचते. म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, कोऱ्या कागदावर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर कधीही सही करू नका.

कायदा नेमके काय म्हणतो?

पहिली गोष्ट. खासगी नोकरीत तुम्हाला तुमच्या इच्छेविरुद्ध कामावर ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगार आणि सक्तीच्या श्रमाला बंदी आहे. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'सक्ती'चा अर्थ फक्त दंडुक्यापुरता ठेवला नाही. गरिबीच्या रेट्याने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबावे लागणे हीसुद्धा सक्तीच, असे न्यायालयाने म्हटले. विशिष्ट साहाय्य कायद्यानुसार न्यायालयसुद्धा एखाद्या माणसाला 'जा, त्याच मालकाकडे काम कर' असा हुकूम सामान्यतः देत नाही. मग सुपरवायझर कोण? एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की राजीनामा देणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. सेवाशर्तींत तशी अट असेल किंवा शिस्तभंगाची चौकशी चालू असेल तर गोष्ट वेगळी, एरवी त्याला बांधून ठेवता येत नाही. सरकारी नोकरीत मात्र सेवानियम लागू होतात आणि राजीनामा स्वीकारला जाणे आवश्यक असते. तिथे 'पत्र टाकले आणि निघालो' असे करू नका.

दुसरी गोष्ट, थकलेला पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यांतल्या वेतन संहितेच्या कलम १७ मध्ये असे आहे की कामगाराला काढले किंवा त्याने राजीनामा दिला, तर त्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत दिले पाहिजे. १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यात ही दोन दिवसांची मुदत मालकाने काढून टाकलेल्या कामगारापुरती होती. आता राजीनामा देणाऱ्यालाही ती लागू झाली. जुना कायदा ठरावीक पगाराच्या आतल्यांनाच होता, नवा सर्व कर्मचाऱ्यांना आहे. पगार दिला नाही तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि पगार दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' हे वाक्य एचआरवाले सवयीने बोलतात. वेतनाच्या बाबतीत त्याला कायद्याचा आधार नाही.

तिसरी गोष्ट, नोटीस पिरियड. इथे आपणही प्रामाणिक राहिले पाहिजे. नियुक्तीपत्रात एक महिन्याची नोटीस लिहिली असेल आणि आपण त्यावर सही केली असेल, तर ती पाळावी. न पाळता निघालो तर तेवढ्या दिवसांचा पगार कंपनी मागू शकते. पण नोटीस न दिल्याची शिक्षा म्हणून आधी केलेल्या कामाचा सगळा पगार गिळता येत नाही. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याचा अधिकार तर कोणत्याच परिस्थितीत नाही. गुणपत्रिका तारण नसते.

चौथी गोष्ट, बाँड. 'सगळे बाँड बेकायदा असतात' असे आपले काही कार्यकर्ते सांगत फिरतात. ते बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला पुन्हा भरतीप्रक्रिया राबवावी लागते, रक्कम त्या पदाच्या मानाने अवाजवी नाही, असा विचार त्यामागे होता. पण म्हणून गोदामातल्या चौदा हजारांच्या पोरावर लाखाचा बाँड लादता येतो असे होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते. आणि कलम २७ प्रमाणे, नोकरी सोडल्यावर 'या धंद्यात कुठेच काम करायचे नाही' अशी अट रद्दबातल ठरते. बाँड दिसला की घाबरू नका, पण न वाचता झटकूनही टाकू नका. वाचा, फोटो काढा, जाणकाराला दाखवा.

पाचवी गोष्ट, उचल. यंत्रमागावर, वीटभट्टीवर आगाऊ पैसे देऊन माणूस बांधायची पद्धत आपल्या जिल्ह्याने खूप पाहिली आहे. १९८० च्या दशकापासून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वसईकडच्या आदिवासी वेठबिगारांना सोडवण्यासाठी लढा दिला तो याच पद्धतीविरुद्ध. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीपोटी दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य हिरावणे हे वेठबिगारीचेच लक्षण मानले आहे. अशी तक्रार थेट प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करता येते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला वेठीला धरणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा आहे. हे कलम प्रत्येक भांडणात वापरायचे नाही, पण जिथे खरोखर वेठ आहे तिथे कचरायचेही नाही.

एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले

नव्या संहितांचे कौतुक करून थांबता येणार नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ साली औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. कामावर घेणे, सुट्टी, शिक्षा, नोकरी संपवणे, यांचे नियम मालकाच्या मनात नव्हे तर कागदावर असावेत आणि ते कामगाराला दिसावेत, हा त्या कायद्याचा गाभा. किती दिवसांची नोटीस, नोकरी संपल्यावर सेवा प्रमाणपत्र, हे सगळे आदर्श स्थायी आदेशांत होते.

मूळ कायदा शंभर कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. महाराष्ट्राने ती मर्यादा पन्नासवर आणली होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ती तीनशेवर नेली. भिवंडीतला कॉन्ट्रॅक्टर आपल्या हजेरीपटावर तीनशे माणसे दाखवील काय? पन्नास ते तीनशेच्या मधले सगळे कामगार बाबासाहेबांच्या काळातल्या या कायद्याच्या छत्राबाहेर गेले. नियुक्तीपत्र देणे नव्या संहितेने बंधनकारक केले, ही चांगली बाब आहे. पण त्या पत्रात काय अटी लिहायच्या हे मालकच ठरवणार असेल आणि तपासणारा कुणी नसेल, तर पत्राचा साखळदंडही होऊ शकतो. दोन दिवसांत पगार मिळण्याचा हक्क कागदावर आला, पण सामुदायिक नियमांचे संरक्षण आकसले. आपल्या संघटनांनी यावर निवेदने दिली पाहिजेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत एक फलक या विषयाचाही असला पाहिजे.

बाबासाहेबांचा राजीनामा आपण कसा वाचतो?

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, हे आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. हिंदू कोड बिल हे कारणही पाठ असते. पण त्यांनी राजीनामा कसा दिला, याकडे आपण कमी लक्ष देतो.

त्यांनी लेखी दिला. तारीख घालून दिला. आपल्या नावावर असलेली विधेयके आणि कामे मार्गी लागावीत म्हणून अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत थांबण्याची तयारी दाखवली, म्हणजे हातातले काम वाऱ्यावर सोडले नाही. मग १० ऑक्टोबरला संसदेत निवेदन करायला ते उभे राहिले, तेव्हा उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली. ही अट त्यांनी मान्य केली नाही. ते सभागृहातून बाहेर पडले आणि तेच निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. त्यात कारणे एकेक करून मांडली होती : मागासवर्गीयांसाठी आयोग नेमण्यातली दिरंगाई, अस्पृश्यांच्या संरक्षणाकडे दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळातले कामकाज आणि हिंदू कोड बिल. ज्यांच्याकडे राजीनामा द्यायचा तेच बोलू देत नव्हते, तेव्हा त्यांनी कागदाचा आधार घेतला. आज तो कागद आहे, म्हणूनच आपल्याला त्यांची बाजू कळते.

त्याआधीचा एक प्रसंगही आठवावा. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना त्यांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता. आजच्या भाषेत तो बाँडच. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजूही झाले. शिपाई फायली लांबून टेबलावर टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. ते मुंबईला परतले. कराराचे मोल त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण जिथे माणूस म्हणून उभे राहता येत नाही तिथे राहण्याचे बंधन त्यांनी मानले नाही.

मग करायचे काय?

त्या तरुणाबरोबर आम्ही जे केले तेच इथे क्रमाने सांगतो.

एक. राजीनामा लेखी द्या. कारणांची लांबलचक यादी नको, राग नको. चार ओळी पुरतात : 'मी अमुक तारखेपासून आपल्याकडे अमुक पदावर काम करीत आहे. मी राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्राप्रमाणे नोटीस धरून माझा शेवटचा दिवस अमुक तारीख राहील. त्या दिवशी मी माझ्याकडील वस्तू व काम सुपूर्द करीन. माझे थकीत वेतन, मूळ कागदपत्रे व अनुभवपत्र द्यावे.' नियुक्तीपत्रच नसेल तर तसे लिहा आणि वाजवी मुदत द्या.

दोन. पोहोच ठेवा. हातात घेत नसतील तर ईमेल करा, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा आणि स्पीड पोस्टने पोहोच पावतीसह पाठवा. सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे पोस्टात तसेच मागा. कॉन्ट्रॅक्टरला पाठवा आणि एक प्रत ज्या कंपनीचे काम करता तिलाही पाठवा. कॉन्ट्रॅक्टरने पगार बुडवला तर मूळ कंपनीची जबाबदारी येते, हे त्यांना चांगले ठाऊक असते. आमच्या अनुभवात याच एका प्रतीने अर्धे काम होते.

तीन. सुपूर्दनामा करा. स्कॅनर, ओळखपत्र, चावी, गणवेश परत केल्याची यादी लिहून सही घ्या. सही देत नसतील तर फोटो काढा. नंतर चोरीचा आळ घेणे हा कॉन्ट्रॅक्टरांचा जुना डाव आहे.

चार. नोकरीत असतानाच पुरावे गोळा करा. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, हजेरीचे फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स, पीएफचा यूएएन. अनुभवपत्र मिळालेच नाही तर याच कागदांनी अनुभव सिद्ध होतो. पीएफमध्ये मालकाने 'नोकरी सोडल्याची तारीख' भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन भरता येते. त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

पाच. एकटे जाऊ नका. आधी कामगार कार्यालयात तक्रार, गरज पडली तर दावा. वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर हे लक्षात ठेवा : विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आहेत. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. आपल्यातले किती जण तिथे गेले आहेत?

जिंकलो, पण पूर्ण नाही

त्या तरुणाचे काय झाले? पत्र पाठवून चार दिवस काही हालचाल नव्हती. पाचव्या दिवशी आम्ही तिघे त्याच्याबरोबर गेलो. घोषणा नाही, धमकी नाही. वेतन संहितेच्या कलमाची प्रत आणि मूळ कंपनीला गेलेल्या पत्राची पावती टेबलावर ठेवली. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आधी हसला, मग फोनवर बोलायला बाहेर गेला. परत आला तो कपाटाची चावी घेऊनच. गुणपत्रिका आणि जातीचा दाखला त्याच दिवशी मिळाला. पगार दोन दिवसांत नाही, कामगार कार्यालयात अर्ज दिल्यावर सतरा दिवसांनी आला. अनुभवपत्र आजपर्यंत मिळालेले नाही. रुग्णालयाने बँकेचे उतारे आणि पीएफची नोंद पाहून त्याला रुजू करून घेतले.

सगळ्यांचे असे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच गल्लीतल्या एका ताईंनी दोन वर्षांपूर्वी पॅकिंगचे काम सोडले. पगार रोख मिळायचा, सही एका वहीत. ओळखपत्र कामावरच जमा करावे लागे. त्यांच्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता. दोन महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच. आमच्याकडे त्या आल्या तेव्हा फार उशीर झाला होता.

आणि आमचे स्वतःचे? समाजशास्त्रात एम.ए. करून आम्ही एका सामाजिक संस्थेत नोकरीला लागलो होतो. सोडताना संस्थेने अनुभवपत्र पाच महिने अडवले. हक्कांवर प्रशिक्षणे घेणाऱ्या आम्हाला साधे स्मरणपत्र पाठवायला दोन महिने धीर झाला नाही. 'क्षेत्र लहान आहे, नाव खराब होईल' ही भीती होती. तेव्हा कळले की शिक्षणाने कायदा समजतो, पण भीती आपोआप जात नाही. ती सोबतीने जाते.

विहारात एक टेबल

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालक आणि कामगार यांची परस्परांची कर्तव्ये सांगितली आहेत. मालकाने झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर मोकळीक द्यावी. कामगाराने मनापासून काम करावे, जे दिले तेवढेच घ्यावे, मालकाची विनाकारण निंदा करू नये. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण एकतर्फी नाही. आपण नोटीस पाळतो, वस्तू परत करतो, हिशेब चोख ठेवतो, कारण ते आपले शील आहे. आणि आपला पगार, कागद, मोकळीक मागतो, तोही धम्माला धरूनच.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना एकच सांगणे आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एक टेबल मांडा. त्यावर राजीनाम्याचा नमुना, सुपूर्दनाम्याचा नमुना, कामगार कार्यालयाचा आणि विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता ठेवा. वस्तीतल्या एखाद्या वकील भावाला, एखाद्या निवृत्त कारकुनाला तिथे तासभर बसवा. कामावर जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला पहिल्याच दिवशी सांगा की मूळ कागद कुणाला द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची. याला देणगी लागत नाही, परवानगी लागत नाही.

त्या तरुणाची आई परवा विहारात भेटली. म्हणाली, "साहेब, धाकटीपण आता कामाला लागणार आहे. तिचे कागद आणलेत. झेरॉक्स कुठं काढायच्या?"

जय भीम! नमो बुद्धाय!